सवाष्णींच्या सह्या

आमचं मैदान वाचलं. पण ते वाचल्याचा आनंद मला कधी धड करताच आला नाही. आजही कुणी त्या लढ्याचं कौतुक करायला लागलं की मी विषय बदलते. लोकांना वाटतं, बाई किती विनयशील! विनय कसला डोंबलाचा. मला लाज वाटते.

घाटकोपरला हाउसिंग बोर्डाच्या वसाहतीत आम्ही राहायचो. बिल्डिंगींच्या मधोमध मैदान, मैदानापलीकडे नाला, आणि नाल्याच्या काठाने बैठ्या चाळींची एक रांग. त्या रांगेत अर्धी बिऱ्हाडं कोकणातल्या गिरणी कामगारांची आणि अर्धी घाटावरून आलेल्या बौद्ध कुटुंबांची होती. रांगेच्या तोंडालाच काकीचा डंक होता. डंक म्हणजे मसाला कुटायचं यंत्र. लोखंडी मुसळं मोटरवर धाडधाड वरखाली व्हायची आणि खालच्या उखळात मिरच्यांचा भुगा व्हायचा. काकीचा नवरा गिरणीत होता. तो गेल्यावर त्याच्या फंडातून तिने हा डंक घेतला, पुढच्या खोलीत बसवला आणि मागच्या खोलीत स्वतः राहिली. उन्हाळ्यात अख्खी वसाहत मिरच्यांचे डबे घेऊन तिच्या दारात उभी असायची. शिंका, खोकला, गप्पा, भांडणं, सगळं तिथेच.

काकी माझी नात्याची कुणी नव्हती. सावंतवाडीकडची, आमच्या माहेरच्या बाजूची, एवढंच. पण मला मुलगी झाली तेव्हा आईला गावाहून यायला जमलं नाही आणि सव्वा महिना काकीने मला नि पोरीला न्हाऊ घातलं. रोज सकाळी डंक बंद ठेवून यायची. तिच्या हातांना मसाल्याचा वास असायचा, म्हणून पोरीला हात लावायच्या आधी ते दहादा धुवायची. हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढे मी जे केलं ते कुणाशी केलं ते कळायला हवं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. तळमजल्यावर एक निवृत्त हेडक्लार्क राहायचे, आम्ही त्यांना नाना म्हणायचो. पेपरातली एकही ओळ ते वाचायची सोडत नसत. श्रद्धांजल्यांपासून लिलावाच्या नोटिशीपर्यंत सगळं. एका सकाळी ते बनियनवरच आमच्या दारात उभे. कोपऱ्यात बारीक टायपातली पालिकेची नोटीस होती. आमच्या मैदानावरचं खेळाच्या मैदानाचं आरक्षण उठवून तिथे मंडई आणि दुकानांची इमारत करायचं चाललं होतं. कुणाची हरकत असेल तर मुदतीत कळवा, नकाशा वॉर्ड ऑफिसात पाहायला मिळेल.

मिळेल कसला! गेलो तर साहेब साइटवर. दुसऱ्यांदा गेलो तर नकाशा कपाटात आणि कपाटाची चावी रजेवरच्या माणसाकडे. तिसऱ्यांदा माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी टेबलावर हात आपटला आणि म्हटलं, "नकाशा लोकांनी बघायचा आहे ना? मग कपाटात काय त्याचं लोणचं घातलंय?" सगळं ऑफिस बघायला लागलं. आमच्याबरोबर आलेले सोसायटीचे चेअरमन, बँकेत कामाला होते, ते बिचारे रुमालाने घाम पुसत होते. पण चावी निघाली. दुसऱ्या दिवसापासून नकाशा बाहेरच्या व्हरांड्यात भिंतीवर लागला. नाना तेव्हा मला म्हणाले, "पोरी, तू झकास काम केलंस." त्या दिवशी मी हवेत होते. घरी येऊन आमच्या ह्यांना तीनतीनदा तोच किस्सा ऐकवला.

मग समिती झाली. मैदानाच्या कुंपणाला मोठा फलक लागला, 'लपूनछपून कारभार बंद करा. आम्हाला विचारल्याशिवाय आमची जागा बदलू नका.' शब्द माझे, अक्षर नानांचं. आता हवे होते हरकतीच्या अर्जाखाली सह्यांचे ढीग. पुरुष म्हणाले, रविवारी दारोदार फिरू. रविवार आला की कुणाचा मेहुणा यायचा, कुणाची मॅच असायची. मुदतीचा जेमतेम महिना उरला.

संक्रांत तोंडावर होती. मला म्हणजे काय सुचावं! म्हटलं, दारोदार फिरायचं कशाला, बायका आपणहून घरात येतातच की. प्रत्येक बिल्डिंगीत हळदीकुंकू घालायचं. यंदा वाण म्हणून बॉलपेन द्यायचं, आणि त्याच पेनाने तिथल्या तिथे अर्जाखाली सही. हळद, कुंकू, तिळगूळ, सही! बायकांना कल्पना भयंकर आवडली. एरवी वाण म्हणून स्टीलची वाटी नाहीतर प्लॅस्टिकची गाळणी. पेन कुणी दिलं नव्हतं. कितीतरी जणी म्हणाल्या, "अगं, लग्न झाल्यापासून कागदावर नाव असं लिहिलंच नव्हतं." एकीने सासरचं आडनाव लिहिता लिहिता माहेरचं लिहिलं आणि सगळ्या हसून लोळल्या. महिनाभर रथसप्तमीपर्यंत आमचा धडाका चालला. सह्यांचा गठ्ठा असा जाडजूड झाला की नाना तो मांडीवर घेऊन बसायचे.

काकीला मी तिळगूळ पाठवला. दर वर्षी पाठवायचे तसाच, मुलीच्या हाती, झाकण लावलेल्या डब्यातून. ती विधवा, तिला हळदीकुंकवाला कसं बोलवायचं? बोलवायचं नाही असं मी काही ठरवलं नव्हतं हो. ठरवावं लागतच नाही, हीच तर त्यातली गंमत. सवाष्णींची यादी डोक्यात आपोआप तयार होते आणि तिच्यात ज्या नसतात त्यांची आठवणही येत नाही. नाल्याकाठच्या बौद्ध बायकांकडे हळदीकुंकू नसतंच, म्हणून त्यांनाही बोलावणं नाही. चाळीतल्या कोकणातल्या दोन-चार सवाष्णी होत्या, त्यांना म्हटलं होतं, पण त्या कामाला जायच्या, आल्या नाहीत. झालं. त्या रांगेतून आमच्या अर्जावर एकही सही नव्हती. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

सुनावणीला आम्ही पाचजण गेलो. चेअरमन, सेक्रेटरी, नाना, वरच्या मजल्यावरच्या एक शिक्षिका आणि मी. अधिकारी वयस्कर होते, शांत. सह्यांचा गठ्ठा बघून त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. चेअरमन छान बोलले. मी त्यांच्याहून मोठ्याने बोलले. "आम्हाला न विचारता, न सांगता परस्पर नकाशात आमच्या मैदानाचा रंग बदलता कसा?" असं मी म्हटलं, आणि ते वाक्य मला स्वतःलाच फार आवडलं.

अधिकारी म्हणाले, "तुमचं म्हणणं पटतंय. पण मंडई या भागात कुठेतरी करायला हवीच. भाजीवाले रस्त्यावर बसतात म्हणून तक्रारीही तुमच्याच असतात." मग त्यांनी नकाशावर पेन्सिल फिरवली. "ही पट्टी मोकळी दिसते. हिचाही सर्व्हे नंबर नोटिशीत पर्याय म्हणून होता. इथून एकसुद्धा हरकत आलेली नाही. याला तुमच्यापैकी कुणाची हरकत?"

आम्ही पाचही जणांनी एका सुरात म्हटलं, "नाही, नाही!"

माझा आवाज त्यात सगळ्यात मोठा होता. माझा आवाज सगळ्यातच मोठा असतो.

बाहेर येऊन चेअरमननी सगळ्यांना उसाचा रस पाजला. मी ग्लास तोंडाला लावला आणि मनातल्या मनात तो नकाशा परत बघू लागले. मला सवय आमच्या गॅलरीतून बघायची. नकाशात सगळं उलटं होतं, मैदान खाली, स्टेशन वर. मैदानाच्या कडेला निळी रेघ. निळी रेघ म्हणजे नाला. आणि रेघेला लागून कोरा कागद. तिथे कसली मोकळी जागा? तिथे तर... मी ग्लास तसाच गाड्यावर ठेवला. चाळी बोर्डाने बांधलेल्या नव्हत्या, म्हणून नकाशात कुणी काढल्याच नव्हत्या. मी सेक्रेटरींना म्हटलं, "अहो, ती पट्टी म्हणजे नाल्याकाठची चाळ! तिथे माणसं राहतात!" सेक्रेटरी म्हणाले, "हळू बोला." चेअरमन म्हणाले, "वहिनी, आज जिंकलोय. आज नको."

घरी आमच्या ह्यांना सांगितलं. ते जेवता जेवता म्हणाले, "तू काय मुद्दाम केलंस?" मुद्दाम केलं असतं तर निदान कारण तरी सांगता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकीकडे गेले. मिरच्यांचा मोसम सुरू व्हायचा होता. ती डंकाचे पट्टे काढून तेलपाणी करत बसली होती. मी आत जाऊन नुसती बसले. ती म्हणाली, "काय गो, पोर आजारी हा काय?" मग मी एका दमात सगळं सांगितलं. मैदान वाचलं, मंडई इकडे सरकली, हरकत नाही म्हणून आम्हीच ओरडलो, सगळं. तिने हातातलं फडकं बाजूला ठेवलं.

"माका कोणी सांगूक नाय," एवढंच म्हणाली. रागाने नाही. मला नीट समजलं आहे ना, याची खात्री करून घेतल्यासारखी.

त्या वाक्याने माझं काय झालं ते सांगता येत नाही. महिनाभर मी हेच वाक्य पालिकेच्या तोंडावर फेकत होते. आम्हाला कुणी सांगितलं नाही! फलकावर लिहिलं, वॉर्ड ऑफिसात ओरडले, सुनावणीत ओरडले. आणि माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर बसलेल्या, माझ्या पोरीला न्हाऊ घातलेल्या बाईला मी तिळगूळ पाठवला होता, पण बातमी पाठवली नव्हती. ती सगळं बघत होती म्हणे. बायका नटूनथटून बिल्डिंगीतून बिल्डिंगीत चालल्यात, हातात पेनं आहेत. पण विधवा बाईने हळदीकुंकवाच्या दिवशी त्या दारांकडे फिरकायचं नसतं, म्हणून विचारायलाही आली नाही.

मी म्हटलं, "काकी, उठ. अजून काहीतरी करता येईल." त्याच आठवड्यात चाळीतल्या सगळ्यांना गोळा केलं. तिथे एक गृहस्थ होते, कुर्ल्याला रेल्वेच्या कारशेडमध्ये फिटर. त्यांनी अर्ज स्वतः लिहिला, माझ्यापेक्षा कितीतरी चांगल्या मराठीत. सह्या झाल्या, अंगठे झाले. अर्ज घडी घालताना ते मला म्हणाले, "ताई, आमच्याकडे हळदीकुंकू नसतं. पण सही आम्हालाही येते." आवाज अजिबात चढवला नाही. त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी उलट भांडले तरी असते.

वॉर्ड ऑफिसात मी, ते आणि काकी गेलो. तोच कारकून, तेच टेबल. त्याने मला ओळखलं आणि लगबगीने खुर्ची दिली. अर्ज वाचून म्हणाला, "मुदत संपली हो मॅडम. शिक्का मारून देतो, पण उपयोग नाही." मी ओरडले. टेबलावर हातही आपटला. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, तुम्हीच तर सुनावणीत हरकत नाही म्हणून आलात. फायलीत आहे." काकी माझ्या मागे उभी होती. तिने माझा पदर हळूच ओढला आणि म्हणाली, "चल गो, पुरे." मला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

एकच वाट उरली होती. आमच्या समितीनेच परत जाऊन सांगायचं की ना इथे मंडई, ना तिथे. समितीचं म्हणणं मुदतीत नोंदलेलं होतं, तिचं ऐकलं असतं. रविवारी गच्चीवर सभा झाली. सगळे खुशीत. मी उभी राहिले आणि म्हटलं, "पालिकेने आपल्याला न सांगता जे केलं, तेच आपण चाळवाल्यांना न सांगता केलं. आता आपणच मागे घेऊ या."

मग चेअरमन म्हणाले, "वहिनी, चाळीत जायला तुम्हाला कुणी अडवलं होतं? सह्यांचं काम तुम्ही अंगावर घेतलं होतं."

खरंच होतं ते. सेक्रेटरी म्हणाले, आता फाईल परत उघडली तर मैदानही हातचं जाईल. एक बाई मागून म्हणाली, "तिथली वस्ती हलली तर नाला तरी साफ होईल." ही बाई उन्हाळ्यात काकीच्या दारात सगळ्यात आधी डबा घेऊन उभी राहायची. मी तिला भर सभेत म्हटलं, "आग लागो तुमच्या त्या नाल्याला!" मग आमचे हे मला हाताला धरून खाली घेऊन आले. नाना तेवढे जिन्यात गाठून म्हणाले, "तुझं बरोबर आहे." मी म्हटलं, "मग वर का नाही बोललात?" ते बिचारे कठडा धरून खाली उतरले. त्यांचाही नातू मैदानात खेळायचा. माझीसुद्धा पोर खेळायची, मी तरी कोणत्या तोंडाने विचारत होते!

मी ज्या बायकांच्या सह्या घेतल्या होत्या, त्यांच्याकडे परत गेले, या वेळी चाळीसाठी. काहींनी केल्या. बहुतेक जणींनी दार अर्धंच उघडलं. "ह्यांना विचारून सांगते," म्हणाल्या. हळदीकुंकवाला कुणी कुणाला विचारून सही केली नव्हती. हे सगळं मी काकीला जाऊन सांगायचे. ती ऐकून घ्यायची, पुढ्यात पेज नाहीतर चहा ठेवायची आणि माझीच समजूत घालायची. मी तिच्या घराची वाट लावून वर तिच्याकडूनच सांत्वन करून घेत होते. हे मला तेव्हाही कळत होतं, पण पाय तिकडेच वळायचे.

कागदावरची आरक्षणं वर्षानुवर्षं लोळत पडतात म्हणतात. मी त्याच आशेवर होते. पण नाला रुंद करायचं काम निघालं आणि त्याच्याबरोबर मंडईचंही निघालं. चाळीतल्या लोकांकडे झोपडपट्टीच्या गणनेत मिळालेले फोटोपास होते, म्हणून त्यांना पर्यायी जागा मिळाली, देवनारला, कचऱ्याच्या डंपिंगच्या बाजूला. सामान नेण्याच्या दिवशी मी गेले होते. डंक काढायला चार माणसं लागली. काकी सारखी सांगत होती, सांभाळून, सांभाळून. नव्या जागेत तिला एकच खोली मिळाली आणि डंकाच्या मोटरीला लागणारी वीज तिथे नव्हती. अर्ज कर, आज देतो, उद्या देतो. डंक खोलीत मावेना म्हणून दाराबाहेर प्लॅस्टिकखाली ठेवला. दोन पावसाळ्यांत मोटर गेली. मुसळं तिने भंगारात घातली.

मग तिने दुसरं काम काढलं. देवनारहून बस बदलत घाटकोपरला यायची, जुन्या ओळखीच्या घरांत तयार मसाला विकायला. मिरच्या ती तिकडच्या कुणाच्यातरी डंकावर पैसे देऊन कुटून आणायची. आमच्याच बिल्डिंगीच्या बायका तिच्याशी घासाघीस करायच्या. "काकी, पूर्वी तुझा मसाला असा नव्हता," असं एकीने माझ्यादेखत म्हटलं. आधी माझ्या घरी टेकायची, पाणी प्यायची, मग वरच्या मजल्यांवर जायची. गॅलरीतून मैदान दिसायचं. मुलांचा आरडाओरडा चाललेला असायचा. मी मुद्दाम गॅलरीचं दार लोटून घ्यायचे, आणि काकी म्हणायची, "उघडा ठेव गो, वारो येता."

एका उन्हाळ्यात ती आली तेव्हा पाय सुजलेले होते. चप्पल निघेना. मी खाली बसून तिची चप्पल काढली आणि मला एकदम रडू फुटलं. इतक्या वर्षांत तिने मला एका शब्दाने दुखवलं नव्हतं आणि तेच मला सोसवेनासं झालं होतं. मी म्हटलं, "काकी, तू मला बोलत का नाहीस? शिव्या घाल. तोंडात मार. एकदा तरी भांड माझ्याशी!"

काकीने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत क्षमा होती असं म्हणायला मला फार आवडलं असतं. पण ती दमलेली होती, बाकी काही नाही.

"तुझ्याशी भांडान मी घाटकोपराक कोणाकडे येव गो?" ती म्हणाली. मग पिशवी उचलून समोरच्या बिऱ्हाडाची बेल वाजवायला गेली.